वहीतला नाताळ : एका केसची पूर्ण नोंद

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. ती आली, बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मॅडम, मला नाताळ खूप आवडतो आणि यंदा तो येऊच नये असं वाटतंय." लगेच स्वतःच पुढे म्हणाली की दोन्ही एकदम खरं कसं असेल, यातलं काहीतरी एक मी स्वतःला फसवून बोलतेय ना. मी तेव्हा काही उत्तर दिलं नाही, फक्त लिहून घेतलं, कारण पुढच्या सहा भेटी याच एका वाक्याभोवती फिरणार आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी समुपदेशनाचं काम करते, बहुतेक करून घरातलं कोणी गेलंय अशा लोकांसोबत. ही केस तिची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल अशा सगळ्या गोष्टी बदलल्यात. लिहायचं कारण एवढंच की दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की अगदी हेच घेऊन कोणी ना कोणी येतं आणि प्रत्येकाला वाटत असतं की जगात सगळे आनंदात आहेत, मीच एकटी अशी.

वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी, नवरा, सोळा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा. एक मोठा भाऊ, तो दुसऱ्या देशात राहतो. वडील ती कॉलेजात असतानाच गेले. आई दीड वर्षापूर्वी एप्रिलमध्ये गेली, आजारपण फार लांबलं नाही. म्हणजे हा आईशिवायचा दुसरा नाताळ.

पहिला कसा गेला असं विचारलं तर म्हणाली, तो गेलाच नाही, वरून निघून गेला. सगळे जपत होते, जेवण शेजारचे-नातेवाईक घेऊन आले, कोणी तिच्याकडून कसलीच अपेक्षा केली नाही, मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला गेले, घरी आले, झोपले. खरा प्रश्न दुसऱ्या वर्षी आला. हे मी बऱ्याच घरांत बघितलंय, पहिल्या वर्षी लोक हात धरून चालवतात आणि दुसऱ्या वर्षी गृहीत धरतात की आता सावरली असेल. ऑक्टोबरच्या शेवटी भावाचा फोन आला, आम्ही सगळे यंदा तुझ्याकडे येतोय, आठ दिवस, आणि आईच्या वेळी व्हायचं ना अगदी तस्संच करू. ती हो म्हणाली, आनंदाने म्हणाली, आणि त्या रात्रीपासून तिची झोप गेली. दुकानात कॅरोल, म्हणजे नाताळाचं गाणं, लागलं की भरलेली बास्केट तिथेच ठेवून बाहेर यायची. आणि त्याच आठवड्यात मुलासोबत माळ्यावरून गव्हाणीचा, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्याचा, खोका काढताना इतकी खूश होती की तिला स्वतःचीच भीती वाटली.

आधी जे तपासायलाच हवं ते तपासलं. जेवण, झोप, कामावरचं लक्ष, आणि जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यावा असं मनात येतं का, हे स्पष्ट शब्दांत विचारलं. तिच्या नवऱ्याने कुठेतरी वाचलं होतं की नाताळात आत्महत्या सगळ्यात जास्त होतात आणि तो बिचारा घाबरून गेला होता. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे, अमेरिकेतली वर्षानुवर्षांची आकडेवारी बघितली तर डिसेंबर हा सगळ्यात कमी आत्महत्या होणाऱ्या महिन्यांपैकी एक असतो, प्रमाण वाढतं ते वसंत आणि उन्हाळ्याकडे. पण म्हणून विचारायचं सोडायचं नाही, समोरच्या एका माणसाला आकडेवारी लागू होत नसते. तिच्या मनात तसं काही नव्हतं.

मग सीझनल डिप्रेशनचा विचार केला, म्हणजे थंडीत ऊन कमी झालं की दरवर्षी मन खाली जातं तो प्रकार, नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचं वर्णन केलं. पण तिला आधीच्या कुठल्याच हिवाळ्यात असं झालं नव्हतं. लांबलेल्या शोकाचं निदानही डोक्यात होतं. २०२२ मध्ये ते अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आलं, मोठ्या माणसांसाठी मृत्यूनंतर निदान १२ महिने उलटलेले असावे लागतात आणि दुःख जवळजवळ रोज, रोजचं जगणं अडवणारं असावं लागतं. तिचे महिने भरत होते, बाकी काही जुळत नव्हतं. फेब्रुवारी ते ऑक्टोबर ती व्यवस्थित होती, आईबद्दल हसून बोलायची. म्हणजे आजार नाही. पण आजार नाही असं सांगून पाठवून द्यायचं, तर तिला ते अजूनच एकटं पाडणारं झालं असतं.

तेव्हा मी तिला एक जुनी यादी दाखवली. होम्स आणि राहे या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १००, जवळच्या कुटुंबीयाचा मृत्यू ६३, असं करत करत खाली आलं की सुट्टीवर जाणं १३, नाताळ १२ आणि कायद्याचा किरकोळ भंग ११. या यादीवर टीका भरपूर झालीय आणि गुणांना मी फार किंमत देत नाही, पण नाताळ त्या यादीत आहे हेच तिच्यासाठी महत्त्वाचं होतं. बराच वेळ ती त्या ओळीकडे बघत बसली आणि म्हणाली, म्हणजे हे कोणीतरी आधीच लिहून ठेवलंय.

आता माझं काय चुकलं ते. पहिल्या दोन भेटींत मी ही शोकाची केस म्हणूनच धरली. आईसाठी जे आपण नेहमी सुचवतो तेच सुचवलं, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चार रविवारी संध्याकाळी आईच्या नावाने एक मेणबत्ती लावा, घरातल्या प्रत्येकाने आजीची एक आठवण सांगायची. अनेकांना याचा खरोखर उपयोग होतो. ती पहिल्या रविवारनंतर तिसऱ्या भेटीला आली ती चिडलेली. म्हणाली, "मॅडम, राग मानू नका, पण मेणबत्ती आणायची कोणी, सगळ्यांना टीव्हीसमोरून उठवायचं कोणी, रडारड झाली की सगळ्यांना सांभाळायचं कोणी? अजून एक काम माझ्याच अंगावर आलं."

इथे केस उलटी झाली. मी सगळा वेळ आई गेली याबद्दल बोलत होते आणि ती सांगत होती की आई जे करायची ते आता माझ्यावर आलंय. मी तिला म्हटलं, डिसेंबर लागल्यापासून ६ जानेवारीपर्यंत तुमच्या घरी नाताळाचं म्हणून जे जे होतं ते सगळं लिहून आणा, लहानातलं लहान काम, आणि पुढे ते कोण करतं ते. अडीच पानं भरली. ५४ कामं, त्यातली ४७ तिची. नवऱ्याची चार, मुलांची तीन. कोणाच्या गिफ्टला कोणता कागद हेही होतं, कोणती दोन माणसं जेवताना शेजारी बसवायची नाहीत हेही होतं, आणि "सगळे मजेत आहेत ना हे बघणं" असं एक वेगळं काम तिने लिहिलं होतं, त्याच्यापुढे "मी" लिहून खाली दोनदा रेघ मारली होती.

मिकेला डि लिओनार्दो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ मध्ये या प्रकाराबद्दल लिहिलं, कार्डं पाठवणं, फोन करणं, भेटी ठरवणं, सणाला सगळ्यांना एकत्र आणणं हे सगळं कामच आहे, नाती चालती ठेवायचं काम, आणि ते बहुतेक बायका करतात, आणि करताना ते काम म्हणून दिसतच नाही. मला हे पहिल्याच भेटीत आठवायला हवं होतं. आई गेल्यावर भावाच्या वाट्याला आईच्या आठवणी आल्या आणि हिच्या वाट्याला आईची कामं आली, आणि दोघंही त्याला "आईचा नाताळ" म्हणत होते, त्यामुळे फोनवर दोघांना वाटलं आपलं एकमत आहे.

चौथ्या भेटीला ती एक वही घेऊन आली. जाड पुठ्ठ्याची, कडा झिजलेल्या, मधे पानं चिकटवून वाढवलेली. आईची कार्डांची वही, ३१ वर्षांची. डाव्या बाजूला नाव, पत्ता, मग दरवर्षीचे दोन रकाने, पाठवलं, आलं. एखादं माणूस गेलं की नावावर एकच सरळ रेघ आणि बाजूला तारीख. १४० च्या वर नावं होती. ही वही समोर घेऊन ती रोज रात्री बसत होती आणि एकही कार्ड लिहून होत नव्हतं, कारण पहिलं कार्ड लिहायच्या आधी वहीत आईच्या नावावर रेघ मारावी लागेल असं तिला वाटत होतं, आणि आईचं नाव तर त्या वहीत कुठेच नव्हतं, वही आईचीच ना. हे सांगताना ती खूप रडली. मी पण थोडी रडले, ते लपवण्यासारखं नाही.

मग वही मिटताना मागची पानं उघडली गेली. ती तिने कधी बघितलीच नव्हती. आई दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मागे चारपाच ओळी लिहायची, काय उरलं, काय कमी पडलं, कोण आलं नाही. ती मोठ्याने वाचायला लागली. एका वर्षी फक्त एवढंच, "पाय फार दुखले. सगळे खूश." वडील गेल्यानंतरच्या एका वर्षी, "हे गेल्यापासून मिस्सेत बसवत नाही. मुलांसाठी जाते." आणि जवळजवळ प्रत्येक वर्षाच्या शेवटी एकच ओळ, "पुढच्या वर्षी कमी करायचं." पुढचं वर्ष, परत तेच. त्याच्या पुढचं, परत तेच.

मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. तिला संताप आला. मग मला सांगितलं का नाही, असं ती त्या वहीलाच विचारत होती. इतकी वर्षं आपण समजत होतो की आईला या सगळ्याचा नुसता आनंदच होता, त्या आनंदाशी आपलं माप लावून आपण कमी पडतोय असं धरून बसलो, आणि ती स्वतः मिस्सेत बसू शकत नव्हती. शिवाय दुसरी गोष्ट जास्त टोचली, आपण तिथेच होतो, त्याच बाकावर, शेजारी, आणि आपल्याला कळलं नाही. या रागाला मी घाई केली नाही. पूर्ण भेट त्यातच गेली. निघताना दारात थांबून तिने विचारलं की आईला नाताळ आवडायचा तरी का हो. मी म्हटलं तुम्हीच सांगा. ती म्हणाली, आवडायचा, ते खोटं नव्हतं, गव्हाणी मांडताना ती गुणगुणायची. म्हणजे पहिल्या दिवशी तिने स्वतःबद्दल जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर तिने आईच्या बाबतीत दिलं. एकाच गोष्टीबद्दल दोन उलट भावना एकाच वेळी असण्याला शब्द आहे, ॲम्बिव्हॅलन्स, तो स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमाराला आणला, पण त्या दारात मला तो शब्द सांगावासा वाटला नाही, तिला गरज नव्हती.

पुढच्या भेटीत कामाचं बोललो. ती श्रद्धाळू आहे, त्यामुळे काही बदलायचं म्हटलं की तिला पाप केल्यासारखं वाटायचं, "हे कायम असंच आहे" हे वाक्य चारदा आलं. म्हणून आम्ही एकेक गोष्ट घेऊन तिचं वय बघितलं. छापील नाताळकार्ड १८४३ चं, लंडनमध्ये हेन्री कोल यांनी काढून घेतलेलं. घराघरांत ट्री पोचलं त्यात व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं ट्रीभोवतीचं १८४८ मधलं एक छापील चित्र मोठं कारण ठरलं. जर्मन घरांत ट्री त्याआधीपासून होतं, पण कायमचं म्हणावं असं नाही. गव्हाणी मात्र जुनी, संत फ्रान्सिस यांनी ग्रेचिओ गावात १२२३ मध्ये मांडली होती. २५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये नाही, रोममध्ये ती पाळल्याची जुनी नोंद ३३६ सालची आहे. आणि मधे तर इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळवर बंदीच घातली होती, मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता, स्कॉटलंडमध्ये या दिवसाला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती थेट १९५८ मध्ये. एवढं सगळं होऊन नाताळ राहिला, तर तिच्या १४० कार्डांवाचून तो बुडणार नव्हता.

ती ऐकत होती आणि मग तिनेच मला एक गोष्ट सांगितली जी मी विसरले होते. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माच्या गोष्टीला लागूनच हेरोद राजाने मारलेली बाळं आहेत, आणि राहेल ही आई आपल्या लेकरांसाठी रडतेय, तिची समजूत पटत नाही असं तिथे लिहिलंय. चर्च त्या बाळांचा दिवस २८ डिसेंबरला पाळतं, नाताळानंतर तिसऱ्या दिवशी. "म्हणजे रडणं आधीपासून आत आहे मॅडम, आपणच ते कार्डावर छापत नाही." मी हे तसंच्या तसं लिहून ठेवलंय.

स्ट्रोब आणि शुट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलंय की दुःखातला माणूस हेलकावे घेत असतो, कधी गेलेल्याकडे, कधी पुढच्या जगण्याकडे, आणि हे हेलकावे हाच सावरण्याचा मार्ग. गव्हाणीपाशी आनंद आणि कॅरोलने दुकानाबाहेर पळणं, दोन्ही एकाच आठवड्यात, हे त्यात बसतं. तिला हे सांगितल्यावर तिने फक्त मान हलवली, तिला ते आता नवीन नव्हतं.

ठरलं ते असं. मिस्सा आणि गव्हाणी राहणार, ही तिची. कार्डं १२, तिला स्वतःला ज्यांना लिहावंसं वाटतं त्यांनाच. ट्री मुलांकडे, कसंही दिसलं तरी हात लावायचा नाही. जेवणाचं प्रत्येकाने एकेक आणायचं. मेणबत्ती बंद. भावाचं कुटुंब आठ नाही, तीन दिवस. शेवटचं सगळ्यात अवघड होतं. फोनवर भाऊ म्हणाला, तू आईचा नाताळ मोडतेयस. तिने त्याला वहीतली मागची पानं वाचून दाखवली, "दादा, हे ऐक फक्त," म्हणून. तो गप्प झाला, मग मला हे माहीतच नव्हतं म्हणाला, मग परत चिडला आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी मेसेज आला, तीन दिवस ठीक आहे. बास एवढंच. तो मनापासून पटून म्हणाला का, ते मला आजही सांगता येणार नाही, आणि मला वाटतं इथे पटण्यापेक्षा मान्य करणंही पुरेसं होतं.

बऱ्याच देशांत काही चर्चेसमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, दुःखात असलेल्यांसाठी शांत प्रार्थना ठेवतात, हे मी तिला सांगितलं होतं. तिने फादरना विचारलं, ते म्हणाले यावर्षी कार्यक्रम ठरलेत, नाही जमणार, पण त्या संध्याकाळी चर्च उघडं ठेवतो, येऊन बसा. ती गेली. ओळखीची एक विधवा बाई होती, तीही आली. तासभर दोघी बसल्या, बोलल्या नाहीत.

२४ ला रात्री मिस्सेत एका कॅरोलला तिला सहन झालं नाही, ती उठून बाहेर गेली. नवरा मागून आला, काही न बोलता शेजारी उभा राहिला, दहा मिनिटांनी दोघं आत आले. आधीच्या वर्षी असं झालं असतं तर तो पाणी आणत, काय होतंय विचारत बसला असता, नुसतं शेजारी उभं राहणं त्याने एका भेटीला सोबत येऊन शिकून घेतलं होतं. २५ ला जेवणं झाल्यावर भाऊ भांडी घासायला उभा राहिला आणि भांडी घासता घासता रडला. आईच्या घरी त्याने कधी भांडी घासली नव्हती.

सगळं चांगलं नाही झालं. मावशीला कार्ड गेलं नाही, तिने फोन करून ऐकवलं की बहीण गेली तसं नातंही गेलं का, आणि ही तीन दिवस अपराधी वाटून घेत बसली. शेवटी जानेवारीत मावशीला एक लांब पत्र लिहिलं. दुसरं जास्त गंभीर होतं. मुलगी गप्प गप्प होती आणि ३० तारखेला फुटली, म्हणाली आजी असती तर तिने असं केलं नसतं, तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, मला कोणी विचारलंच नाही. खरं होतं ते. सोळा वर्षांच्या मुलीने तिची आजी गमावली होती, आणि ट्री तिच्यावर सोपवून आम्ही तिचंही काम ठरवून टाकलं, तिला काय हवंय ते विचारलं नाही. मुलांना एका भेटीत बोलवायला हवं होतं, हे माझं काम होतं, मी केलं नाही. आता अशा केसमध्ये मी दुसऱ्याच भेटीला मुलांबद्दल विचारते.

शेवटची भेट जानेवारीच्या मध्यावर झाली. झोप परत आली होती. तिने वही आणली होती आणि मागचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. आईच्या शेवटच्या नोंदीखाली एक वर्ष रिकामी जागा सोडली होती, आणि त्याखाली तिच्या अक्षरात, ६ जानेवारीची तारीख घालून, एवढंच होतं :

"अंथरुणं कमी पडली. दादाने भांडी घासली. मिस्सेतून बाहेर गेले, परत आले. पुढच्या वर्षी लेकीला आधी विचारायचं."